अर्ध्यावर अडकलेला काटा

माधवनगरात बंद पडलेल्या कापड गिरणीच्या भिंतीला लागून नाथाजी पुकळेचं दुकान आहे. पाटीवर ‘पुकळे ऑटो इलेक्ट्रिक’ असं रंगवलंय, पण त्यातलं ‘ऑटो’ उन्हानं पार उडून गेल्यामुळं नवखी माणसं घरचा मिक्सर घेऊन येतात. नाथाजी तोही दुरुस्त करून देतो. बिघडलेली वस्तू परत पाठवणं त्याच्या जिवावर येतं.

गाडी दुकानापुढं येऊन थांबली की नाथाजी तिला हात लावत नाही. आधी मालकाला स्टुलावर बसवतो, माठातलं पाणी देतो आणि विचारायला सुरुवात करतो. हे कवापासनं हाय? सकाळी होतं का उन्हं चढल्यावर? शेवटचा हात कुणी लावला व्हता? मग गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो. घाईतलं गिऱ्हाईक वैतागतं, पण त्याला पर्याय नसतो, कारण सांगलीपासून तासगावापर्यंत गाडीच्या वायरिंगमधलं नाथाजीइतकं कुणाला कळत नाही.

ही चाल त्यानं बापाकडून घेतली. बाप, केरबा पुकळे, आटपाडीकडचा मेंढपाळ. मेंढरू आजारी आहे की नाही हे धरून कळत नाही, धरलं की सगळीच सारखी थरथरतात, ते कळपात उभं असताना बघायचं, असं केरबा सांगायचा. नाथाजी मेंढरांच्या जागी जीप आणि टेम्पो बघू लागला, एवढाच फरक पडला.

आटपाडीचा हा माणूस माधवनगरात कसा रुजला, ते थोडं सांगितलं पाहिजे. केरबा दर वर्षी कळप घेऊन खाली यायचा आणि माधवनगरच्या शिवारात बाळगोंडा पाटलांच्या वडिलांच्या रानात मेंढरं बसवायचा. खतासाठी शेतकऱ्यांना ती हवीच असत. नाथाजी तेव्हा दहा वर्षांचा होता. एकदा तो पाटात तोंड घालून ढसाढसा पाणी पीत असताना पाटलीणबाई, म्हणजे बाळगोंडाची आई गुणमाला आक्का, बांधावरून ओरडल्या, “अरं, जनावर हाईस का माणूस? पाण्यात जीव असत्यात, गाळून पितो माणूस!” त्यांनी त्याला घरी नेलं, कळशीच्या तोंडावर दुपदरी फडकं धरलं, पाणी गाळून पेला भरून दिला, आणि फडक्याला लागलेलं पाणी परत विहिरीत सोडायला लावलं. त्या दिवसापासून आजतागायत, चाळीस वर्षं झाली, नाथाजीनं न गाळलेलं पाणी प्यायलेलं नाही. पाटलांच्या जैन घरात जन्मलेल्या पोरांनी आता बाटलीचं पाणी सुरू केलंय, पण हा धनगराचा गडी गाळण्याशिवाय माठ भरत नाही, आणि आक्कांना याचं कोण कौतुक! दर संक्रांतीला त्या दुकानाच्या माठासाठी दोन गाळणी शिवून देतात, पांढरं धुवट कापड आणि कडेला लाल दोऱ्याची शिवण.

पुढं नाथाजी मोटारीचं वायंडिंग शिकला, गाड्यांकडं वळला. दुकानाला रस्त्याकडेची जागाही आक्कांनीच घरच्यांच्या मागं लागून मिळवून दिली. त्यामुळं पाटलांच्या घरातली सात सीटर गाडी ही नाथाजीच्या लेखी गिऱ्हाइकाची गाडी नव्हतीच. ती घरचीच होती. घरच्याच कामात माणूस गाफील राहतो, आणि श्रावणात नाथाजीचं नेमकं तेच झालं.

बाळगोंडा आला तो घाईतच. “नाथा, डिझेलचा काटा येड्यागत करतोय बघ. कवा खाली पडतो, कवा वर जातो. उद्या राखीला रहिमतपूरला जायचंय.” रहिमतपुरात त्याची बहीण चंदना दिलेली. नाथाजीच्या दारात तेव्हा दोन ट्रक उभे होते. स्टूल नाही, पाणी नाही, फेऱ्या नाहीत. तो गाडीत बसला, डॅशबोर्डवर बोटानं टिचकी मारली, काटा हलला.

“मीटर गेलंय, आण्णा. डोळं झाकून बदला.”

मीटर बदललं. नवा काटा झोकात अर्ध्याच्या वर जाऊन बसला. “आता निवांत जावा. काय व्हत न्हाई, माझा शब्द हाय,” असं नाथाजी बोलून बसला. ते शब्द पुढं त्याच्या घशात काट्यासारखे रुतले.

राखी बांधून मंडळी परत निघाली. आक्का सूर्य मावळल्यावर अन्नपाण्याला शिवत नाहीत, म्हणून सहाला घरी पोचून जेवायचं ठरवूनच चारच्या आत गाडी हलली होती. पुसेसावळीच्या अलीकडं एका बाभळीपाशी गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. काटा अर्ध्याच्या वर. डिझेल संपलं असेल हे कुणाच्या डोक्यातच येईना. बाळगोंडानं बॅटरी बघितली, फिल्टर बघितला, नाथाजीला फोन लावला, तर नाथाजी ट्रकखाली, फोन शर्टात आणि शर्ट खिळ्याला. शेवटी एका दूधवाल्यानं टाकीचं झाकण काढून गाडी हलवून बघितली आणि म्हणाला, “आवं, कोरडी ठाक हाय की!” त्याच्याच मोटरसायकलवरून जाऊन डिझेल आणेपर्यंत दिवस मावळला. घरी पोचायला साडेआठ झाले. आक्कांनी पाण्याचा थेंब घेतला नाही. पहाटे उठताना त्यांना घेरी आली आणि त्या न्हाणीच्या उंबऱ्यावर बसल्या. चौऱ्याहत्तरी गाठलेली बाई, आणखी काय होणार!

नाथाजी सकाळी धावत भेटायला गेला. आक्का म्हणाल्या, “मी काय तुझ्यावर रागावली न्हाई. पर त्या गाडीत काय मी आता बसत न्हाई.” एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नाथाजी घरी आला आणि दोन दिवस धड जेवला नाही. बायको अंजना म्हणाली, “आता जेवा की. तुमी उपाशी ऱ्हायल्यानं काटा हलणार हाय व्हय?”

हे प्रकरण तिथंच विरलं असतं, पण भाद्रपद आला. रहिमतपुरात चंदनानं जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा उपवास धरले. दहा दिवस नुसत्या पाण्यावर! अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. माहेरची रीत अशी, की पारण्याचा पहिला घोट आईच्या हातून घ्यायचा. चंदना फोनवर बारीक आवाजात म्हणाली, “आई, तू आल्याबिगर मी तोंड उघडणार न्हाई बघ.” आणि आक्कांनी जाहीर केलं, की त्या एसटीनं जाणार. विट्याला गाडी बदलायची, पुढं मिळेल ती धरायची. बाळगोंडाला घाम फुटला. आदल्या दिवशी आक्कांचाही चतुर्दशीचा उपवास. उपाशीपोटी हे वय, दोन एसट्या, आणि पारण्याची वेळ टळली तर तिकडं लेक तशीच बसून. दुसरी गाडी भाड्यानं करतो म्हटलं तर आक्का म्हणाल्या, “परक्याच्या गाडीचा काटा तरी खरा कशावरनं?”

विश्रामबागेतल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये विचारलं तर त्यांनी चार दिवसांनंतरचा नंबर दिला. पारण्याला एकच दिवस उरला होता.

चतुर्दशीला सकाळी आठ वाजता नाथाजी कुणी न बोलावता हत्यारांची पिशवी घेऊन पाटलांच्या अंगणात हजर झाला. सोप्यात आक्का जपमाळ ओढत बसल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि डोळे मिटून घेतले. नाथाजीला ते फार लागलं. पण तो बाळगोंडाकडं वळून म्हणाला, “आण्णा, बसा. मला पहिल्यापासनं सांगा.”

या खेपेला त्यानं काहीच सोडलं नाही. काटा कधीपासून बिघडला? आषाढापासून. त्याआधी? त्याआधी ठणठणीत. आता काय करतो? अर्ध्यावर अडकून बसतो, टाकी भरली तरी तिथंच, मोकळी झाली तरी तिथंच. नाथाजीनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग आक्कांच्या मिटल्या डोळ्यांकडं बघून तिसरीही मारली.

मधल्या सीटखालचं मॅटिंग उचललं की पत्र्याचं गोल झाकण असतं, त्याच्याखाली टाकीचं तोंड. टाकीत एक तरंगता डबा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. डिझेलबरोबर तो वरखाली होतो, त्याचा दांडा हलतो आणि त्या हलण्यावर पुढचा काटा चालतो. नाथाजीनं टाकीवरचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, ओढून काढला. बाळगोंडा पुढून ओरडला, “काटा खाली पडला!” नाथाजीनं दोन वायरी एकमेकींना टेकवल्या. “आता पार वर गेला!”

नाथाजीनं वायरी सोडल्या. वायर चांगली, मीटर चांगलं. म्हणजे श्रावणात काढून टाकलेलं जुनं मीटरही चांगलंच होतं. दोन मिनिटांची ही परीक्षा त्यानं तेव्हा केली असती, तर आक्का त्या रात्री पाणी पिऊन निजल्या असत्या. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं, पण हात काळे होते.

“दुखणं टाकीतच हाय, आण्णा,” तो म्हणाला.

बाळगोंडा देवळात आरतीला गेला. बाहेर रस्त्यावर विसर्जनाची पहिली मिरवणूक ढोल बडवत चालली होती. नाथाजीनं बॅटरीची वायर सोडली, टाकीच्या तोंडावरची गोल कडी लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू फिरवली आणि फ्लोटचा दांडा तिरका करत वर ओढला. दांडा येईना. काहीतरी धरून ठेवत होतं. त्यानं हात आत घातला, कोपरापर्यंत डिझेलात, चाचपलं आणि बोटांना मऊ लागलं. ओढलं तसं ते दांड्यासकट बाहेर आलं, डिझेलानं पिवळं झालेलं फडकं, दांड्याला असं गुंडाळलेलं, की फ्लोटला ना वर जाता येत होतं ना खाली.

“सापडलं तिच्यायला!” नाथाजी एकटाच ओरडला. महिन्याभराचं ओझं उतरलं. त्यानं फडकं पिळलं, झटकलं, उन्हात धरलं. कडेला लाल दोऱ्याची शिवण होती.

तो तसाच हात वर धरून उभा राहिला. मग एकेक करून सगळं आठवलं. आषाढात गाडी दुकानापुढं डिझेल संपून थांबली होती. बाळगोंडानं रानातून ट्रॅक्टरच्या टिपाडातलं, म्हणजे लोखंडी पिंपातलं, डिझेल कॅन भरून आणलं. टिपाड जुनं, आत गंज. नाथाजीनं सवयीनं हात मागं केला, माठावरचं फडकं ओढलं आणि नरसाळ्यावर धरून डिझेल गाळून ओतलं. मध्येच फोन वाजला. एका हातानं फोन, एका हातानं नरसाळं. फोन संपला, नरसाळं काढलं, झाकण लावलं. संध्याकाळी अंजनानं विचारलं होतं, “माठाचं एक गाळणं कुठं गेलं?” आणि तो म्हणाला होता, “गेलं असंल वाऱ्यानं.” त्यानंतर आठवडाभर ती शेजारच्या शेळीकडं संशयानं बघत होती.

अंगणात कुणी नव्हतं. बाळगोंडा देवळात, आक्कांचे डोळे मिटलेले. नाथाजीनं फडक्याची घडी केली आणि खिशात घातली. का घातली, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माणूस घाबरला की हात आपोआप खिशाकडं जातो. मग त्यानं फ्लोट पुसला, दांडा वरखाली करून बघितला, लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. टाकी बंद केली, वायर जोडली. तोवर बाळगोंडा आला. कॅननं दहा लिटर डिझेल ओतलं, काटा चढला. आणखी दहा ओतलं, आणखी चढला.

“भले रं नाथा! काय झालं व्हतं?”

“फ्लोट अडकला व्हता.”

खोटं नव्हतं. पण नाथाजीचा खिसा मांडीला ओला लागत होता आणि डिझेलाचा वास त्याच्या नाकातून जात नव्हता.

बाळगोंडानं सोप्याकडं तोंड करून हाळी दिली, “आई, झालं बघ! उद्या आपल्याच गाडीनं जायचं!”

आक्कांनी डोळे उघडले. माळ मुठीत गोळा केली. “मागल्या बारीलाबी झालंच व्हतं,” त्या म्हणाल्या. मग नाथाजीकडं सरळ बघून विचारलं, “का अडकला व्हता? कशानं अडकला ते सांग, तर बसते. न्हाईतर मला पहाटं साडेपाचची एसटी हाय.”

रस्त्यावरचे ढोल नेमके तेव्हाच थांबावेत! नाथाजी सोप्याच्या पायरीशी गेला. पाटात तोंड घालून पाणी पिणारा तो दहा वर्षांचा पोरगा जसा खाली मान घालून उभा राहिला होता, तसाच उभा राहिला. खिशातून घडी काढली आणि आक्कांच्या पुढं धरली.

आक्कांनी ती उलगडली. वासानं नाक मुरडलं. मग अंगठ्यानं कडेची शिवण चाचपली.

“ही माझी शिवण.”

“व्हय, आक्का.”

“माठाचं गाळणं टाकीत कसं गेलं?”

“टिपाडात गंज व्हता. म्हणून… मी डिझेल गाळून ओतलं.” त्यानं फडक्याकडं बोट केलं. “फडकं आत पडलं, मला कळलं न्हाई. त्यात श्रावणात न बघता मीटर बदललं. दोनीबी चुका माझ्याच. माझ्यापायी तुमी तशाच निजला, आक्का. आत्ताबी हे खिशात लपवलं व्हतं मी.”

आक्कांनी फडकं बाजूला ठेवलं. त्यांचे ओठ हलले, गाल हलले. उपवासाचा दिवस, अंगात त्राण नाही, तरी त्या हसायला लागल्या, आणि अशा हसल्या, की माळ मांडीवरून खाली घरंगळली.

“अरं येड्या! पाणी गाळून पी म्हणून सांगितलं व्हतं मी! डिझेलातबी जीव असत्यात व्हय रं?”

बाळगोंडा आधी बावचळला, मग त्याला आठवलं. “आई, कॅन तर मीच धरलं व्हतं! म्या बघत व्हतो की ह्यो गाळतोय ते. मला काय वाटलं, बरोबरच हाय! आपल्यात सगळं गाळूनच घेत्यात की!”

यावर तिघंही हसली. नाथाजीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसण्याचंच आहे असं दाखवायचा त्यानं बराच प्रयत्न केला. आक्कांनी पदरानं आपले डोळे टिपले आणि आवाज पहिल्यासारखा कडक करून म्हणाल्या, “उद्या पाचला गाडी दारात पायजे. आणि बाळू न्हाई, तू चालवायचीस.”

पहाटे पाचला नाथाजी आंघोळ करून, धुवट पांढरा शर्ट घालून हजर होता. टाकी पाऊण भरलेली. काट्यावर विश्वास असूनही त्यानं मागं एक भरलेलं कॅन ठेवलंच होतं. आक्का मधल्या सीटवर बसल्या, जिथं खाली ते पत्र्याचं झाकण होतं. मांडीवर पारण्याच्या मुगाचा डबा.

“काटा कुठं हाय?” त्यांनी तासगावात विचारलं.

“पाऊणवरच हाय, आक्का.”

“काटा कुठं हाय?” विटा.

“जरासा उतरलाय.”

“उतरला व्हय?” आवाजात काळजी.

“उतरायलाच पायजे की आक्का, डिझेल जळतंय न्हवं! न्हाई उतरला तर भ्यायचं.”

हे त्यांना पटलं. तरी पुसेसावळीची बाभळ येईपर्यंत त्यांनी आणखी चार वेळा विचारलं.

आठच्या सुमाराला रहिमतपूर आलं. चंदना भिंतीला टेकून बसली होती, चेहरा ओढलेला, डोळे मात्र दाराकडं. आईला बघून ती उठायला लागली, तर आक्काच तिच्याजवळ खाली बसल्या. देवाचं नाव घेतलं, मुगाचं कोमट पाणी वाटीत ओतलं आणि लेकीच्या ओठांना लावलं. चंदनानं घोट घेतला. सगळ्या बायकांनी एकदम जयजयकार केला. नाथाजी चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा होता. सुकलेल्या त्या चेहऱ्यावर रंग येताना त्यानं बघितला, आणि गाडी चालवत आणल्याचं त्याला फार बरं वाटलं.

आक्कांनी त्याला हाक मारून आत बोलावलं. पिशवीतून नवं गाळणं काढलं. पांढरं कापड, लाल शिवण, आणि या खेपेला एका कोपऱ्याला हातभर लांब नाडी.

“ही मनगटाला बांधायची आन् मग गाळायचं,” त्या म्हणाल्या. “काल दुपारी शिवली. पाणी गाळायला हाय, ध्यानात ठेव.”

चंदनाला काहीच कळलं नाही, म्हणून बाळगोंडानं सगळी हकीकत सांगितली. दहा दिवसांची उपाशी पोर हसून हसून पुन्हा भिंतीला टेकली.

जेवून दोनला निघाले. सूर्य मावळायला पुष्कळ अवकाश होता. पुसेसावळी गेली, तशी नाथाजी वाट बघू लागला, आता आक्का विचारतील. बाभळ जवळ आली. काटा अर्ध्यावर होता, आणि खरोखरच अर्ध्यावर होता. उत्तर त्याच्या ओठांवर तयार होतं. बाभळ मागं गेली तरी प्रश्न आला नाही, म्हणून त्यानं वरच्या आरशात बघितलं.

आक्का मधल्या सीटवर मान कलती करून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपल्या होत्या. नाथाजीनं गाडीचा वेग जरा कमी केला आणि पुढचे खड्डे चुकवत राहिला.